एका बावडीवर दोन खाती

सोमवार, ५ जानेवारी १९८७

ऑफिसच्या फील्ड डायरीत मत लिहायला मनाई आहे. तारीख, जागा, अळ्या, मासे, सही, एवढंच. ते योग्यच आहे. पण मत कुठेतरी ठेवावं लागतं, नाहीतर ते चेहऱ्यावर येतं, आणि चेहऱ्यावर आलेलं आमचे साहेब, डॉ. चंद्रप्रकाश, वाचतात. म्हणून ही वही.

आज वेलपाखाडी. अंधेरीतलं जुनं गावठाण. सगळी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं, सगळी एकमेकांची नातलग, आणि माझ्याशी सगळी सारखीच तुसडी. मधोमध क्रूस, क्रूसासमोर बावडी. गेल्या जूनमध्ये आम्ही तिच्यात गप्पी मासे सोडले. मासे डासांच्या अळ्या खातात. आमच्या राष्ट्रीय कीटकजन्य रोग संस्थेची अख्खी योजना या एका वाक्यावर उभी आहे.

बादली सोडली तर वर मेलेले मासे आले. पाण्यावर तेलाचा तवंग.

शेजारच्या ओट्यावर बेटी नावाची बाई बोंबील साफ करत बसली होती. पन्नाशीची, पाखाडीत तिचा शब्द चालतो.

"बघितलास काय गो? तुमीच घातला तेल."

"आम्ही मासे घातले. तेल आमचं नाही."

"मग कोनाचा? माज्या बापसाचा?"

"डासनाश मंडळाचं."

"ता पन सरकार, तू पन सरकार. दोगा एकाच जीपमधून उतरतान."

जीप एकच असते हे खरं. आमच्या योजनेत ड्रायव्हरची जागा मंजूर आहे, जीपची नाही. मंडळाकडे जीप आहे, ड्रायव्हर नाही. हे तिला समजावत बसले नाही.

बुधवार, ७ जानेवारी

आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, उपनगर डासनाश मंडळाचं त्याच इमारतीत तळमजल्यावर. आमचे पगार दिल्लीहून येतात. माशांचा निम्मा खर्च दिल्ली देते, निम्मा राज्याने द्यायचा असतो आणि राज्य तो देतच नाही. मंडळ राज्याचं, पण तेलाचं अनुदान पुन्हा दिल्लीचंच, राज्यामार्फत आलेलं. म्हणजे एकाच मंत्रालयातून पैसे दोन वाटांनी निघतात, एकाच इमारतीत पोचतात, आणि मधे कुठेही त्यांची गाठ पडत नाही. पहिल्यांदा त्यांची गाठ पडते ती विहिरीत. तिथे एकाचा पैसा दुसऱ्याला मारतो.

खाली जाऊन मंडळाच्या मुकादमाला गाठलं. भीमराज. तेलाच्या ड्रमवर बसून तंबाखू मळत होता.

"वेलपाखाडीत तेल का टाकलंत? तिथे आमचे मासे आहेत."

"मासे तुमचे, मॅडम. बावडी आमच्या लिस्टीत. लिस्टीतून काढा, नाय टाकत."

"कोण काढणार?"

"वरचे." त्याने छताकडे बोट दाखवलं. त्या छताच्या वर आमचंच ऑफिस आहे. त्याला तसं म्हणायचं नव्हतं.

"जानेवारीत इतकं तेल कशाला? डास जुलैत असतात."

"डास जुलैत, हिशोब मार्चात." तो हसला. "एकतीस मार्चला ड्रम भरलेले दिसले तर पुढच्या साली ड्रम कमी. ड्रम कमी तर माणसं कमी. माझ्या टोळीतली सगळी टेंपरवारी आहेत. तुमी कायम काय?"

"नाही."

"मग आपण भाऊबंदच की! तुमी मासे मोजा, मी ड्रम मोजतो. मेलेले कोण मोजतंय?"

मी मोजते. त्याला सांगितलं नाही.

सोमवार, १२ जानेवारी

डॉ. चंद्रप्रकाश दिल्लीहून प्रतिनियुक्तीवर आलेले. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत होतं, इथे मराठीत लिहिते. त्यांना मेलेल्या माशांचं सांगितलं. म्हटलं, मंडळाला एक पत्र द्या. ते म्हणाले, केंद्राचं युनिट मंडळाला थेट लिहू शकत नाही. पत्र आमच्या दिल्लीच्या मुख्यालयात, तिथून मंत्रालयात, तिथून राज्याच्या सचिवालयात, तिथून मंडळाच्या मुख्य कचेरीत आणि तिथून तळमजल्यावर.

"मग मी खाली जाऊन त्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलू का?"

"ते बोलणं होईल, मिस परब. पत्रव्यवहार नाही."

ते स्वतः रोज चार वाजता खाली चहाला जातात. त्याला काय म्हणायचं हे मी विचारलं नाही.

सतरा फेब्रुवारीला मूल्यमापन समिती येतेय. योजनेची मुदत मार्चअखेर संपते. पुढची तीन वर्षं द्यायची की नाही हे समिती ठरवणार. तोवर पुन्हा मासे सोडा, असा हुकूम. तेल पडणार हे माहीत असून सोडायचे. मी विचारलं, नोंद काय करू? "नव्याने सोडले. मेले कशाला लिहिता?" मी दोन्ही लिहिणार.

गुरुवार, १५ जानेवारी

वेलपाखाडीत जाऊन मासे सोडले. बेटी या वेळी ओट्यावरून उठून आली, मागे तिचा पुतण्या लॉरेन्स. विमानतळावर सामान चढवतो. हातात बळ आहे आणि ते दाखवायची हौसही आहे.

बेटीच्या भावाच्या मुलीचं, पेट्रिशियाचं, रविवारी पंधरा फेब्रुवारीला लग्न. आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून बावडीवर जातात, पाणी काढतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, त्या पाण्याने नवरीला आंघोळ. त्यांच्यातला रिवाज. पाणी आपल्याच पाखाडीच्या बावडीचं लागतं. पेट्रिशियाची आई नाही. पाणी बेटी काढणार.

"म्हयनाभर तेल नको," बेटी म्हणाली. "मंग ओता काय ओताचा ता. तुजे मासे पन ठेव, माशांचा काय नाय. पन तेलाचे पान्यान पोरीला नाय न्हानार मी."

"मी लेखी कळवीन."

"लेखी! पोरीला आंघोळ पन लेखी घालू?"

मागच्या बायका खो खो हसल्या. लॉरेन्सने माझी रिकामी बादली उचलली आणि रस्त्यावर भिरकावली. "चल, निघ. आनि त्या तेलवाल्याला सांग, परत दिसला तर त्यालाच बावडीत सोडीन. डास खायला."

बादलीला पोचा आला. नुकसानीचा रकाना भरला. कारण: हाताळणीत.

शनिवार, २४ जानेवारी

अर्धा दिवस. मुलुंडला लवकर पोचले. गिरणी बंद झाल्यापासून बाबा खिडकीत बसतात. आई आज पुन्हा त्याच प्रश्नावर.

"गो मृणाल, तुका कायम कधी करतले?"

"योजनेला मुदत मिळाली तर पुढे नेमणूक मिळेल."

"म्हणजे डास रवले तर तुझी नोकरी, आणि गेले तर तू पण घराक?"

"तसं नाही. डास कमी झाल्याचं दाखवावं लागतं."

"सगळेच कमी झाले तर?"

तिला म्हटलं, तू डाळीला फोडणी घाल. प्रश्न अशास्त्रीय आहे, पण त्याचं उत्तर आमच्या योजनेच्या कुठल्याही परिपत्रकात नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मंडळाने आणखी दोनदा तेल टाकलं. पहिल्यांदा मासे मेले. दुसऱ्यांदा भीमराजच्या माणसांनी तेल पुरवून पुरवून टाकलं असावं, कारण तवंग तुटलेला होता. मासा एकही नाही, आणि तुटलेल्या तवंगाच्या मधल्या मोकळ्या पाण्यात अळ्या. पृष्ठभागाला समांतर पडून राहणाऱ्या, म्हणजे अ‍ॅनॉफिलिस, हिवतापाचा डास. सूक्ष्मदर्शकाखाली खात्री केली. या बावडीत गेल्या आठ महिन्यांत प्रथमच.

म्हणजे गावठाणात आता डास आहेत, आणि ते दोन्ही खात्यांनी मिळून तयार केलेत.

हे जसंच्या तसं लिहून डॉक्टरांपुढे ठेवलं. वाटलं होतं कागद परत येईल. त्यांनी दोनदा वाचला.

"अ‍ॅनॉफिलिस, हे नक्की?"

"नक्की."

"मग जे दिसलं ते राहू द्या. एक शब्दही बदलू नका." आणि कागद घेऊन ते स्वतः जिना उतरून खाली गेले. बारा जानेवारीला पत्रव्यवहार जिथे जाऊ शकत नव्हता, तिथे आज तो पायी गेला.

मी या माणसाबद्दल घाईने मत बनवलं होतं. खरी नोंद स्वीकारणारा अधिकारी मला नोकरीत प्रथमच भेटतोय. परतताना त्यांच्या हातात खालच्या कॅन्टीनची भजी होती, एक मलाही दिली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

वेलपाखाडीत तेल पडलेलं नाही. जीपही गेली नाही. अहवालाचा परिणाम, असं मी धरते. बेटीला मुद्दाम सांगून आले: आता तेल बंद होईल, मी कळवलंय.

"तू कलवलास?" तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बघू."

आभार अपेक्षित नव्हते. तरी नोंदवते की तिने ओट्यावर जागा करून दिली आणि मी बसले नाही. कामावर असताना बसत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सकाळी वेलपाखाडीत ट्रक. तयार सिमेंटच्या लाद्या, लोखंडी पट्ट्या, आठ-दहा मजूर, भीमराज आणि दोन पोलीस. दुपारपर्यंत बावडी बंद. मधे दोन फुटांचं लोखंडी झाकण, त्याला कुलूप. शेजारी पाटी: केंद्र व राज्य संयुक्त कार्यवाही.

मी पोचले तेव्हा शेवटची लादी बसत होती. पोलिसांनी लॉरेन्सला क्रूसाच्या कठड्याशी धरून ठेवलं होतं. मला पाहून तो ओरडला, "ही बघा! हिनेच लिवून दिला! खालचा साहेब बोलला, वरच्या बाईचा रिपोर्ट हाय!"

बेटी ओरडली नाही. ती ओट्यावरून उठून घरात गेली आणि दार लावून घेतलं. भरदुपारी वेलपाखाडीत कुणी दार लावत नाही.

भीमराजला विचारलं, हे कुणी काढलं?

"नियम आहे, मॅडम. अळ्यांची विहीर दोन्ही खात्यांनी मान्य केली का बंद करायची. त्याचं पैसं वेगळं, तीन साल पडून होतं. दोन्ही खाती कधी एक बोलतच नव्हती ना. तुमी बोललात." त्याने लादीवर पाय आपटून पाहिला. "आता हितं तेलाचं काम नाय. एक बावडी गेली माझ्या लिस्टीतून. खूश ना?"

ऑफिसात डॉक्टरांना म्हटलं, मी तेल बंद करायला लिहिलं होतं, विहीर नाही.

"तुम्ही अळ्या लिहिल्यात. तेल तुमच्या अहवालात कारण म्हणून येतं, अळ्या निष्कर्ष म्हणून. कारवाई निष्कर्षावर होते."

"पण शनिवारी त्यांना पाणी हवंय."

"मासे पाण्याखाली असतात, मिस परब. समिती वाकून बघत नाही. तिला उभ्या उभ्या दिसेल असं काहीतरी लागतं." आणि झाकणाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. बंद विहिरीची पाक्षिक तपासणी आमच्याकडे.

कारण आणि निष्कर्ष यांबद्दलचं त्यांचं म्हणणं घरी येऊन पुन्हा तपासलं. तर्कात चूक नाही. माझ्या अहवालातही नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पेट्रिशिया ऑफिसात आली. हातांना मेंदी नाही, नखं रंगवलेली, खांद्याला पर्स. सीप्झमध्ये एका कारखान्यात टायपिस्ट आहे. खुर्ची दिली, बसली नाही.

"किल्ली तुझ्याकडे ना?"

"तपासणीसाठी."

"मग उद्या संध्याकाळी तपास ना. तू झाकण उघड, आंटी कळशी सोडेल, तू बंद कर. तुझ्या साहेबाला काय कळतंय?"

"तपासणी पंधरवड्यातून एकदा. कधी, ते माझ्यावर आहे."

"म्हणजे येशील?"

"सहा वाजता तपासणी घेईन. त्या वेळी तिथे कोण असेल याच्याशी माझा संबंध नाही."

ती हसली. "काय बोलतेस यार तू! मला विचारशील तर मी नळाखाली पण न्हाईन. पण आंटीने मला वाढवलंय. मंगळवारपासून ती जेवली नाही. मी आले होते हे तिला सांगू नकोस, मारेल मला लग्नाच्या आदल्या दिवशी."

गेल्यावर किल्लीला तेल दिलं. नवं कुलूप अडतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

सहाला दहा कमी असताना पोचले. झाकण उघडलं, बादली सोडली, नमुना घेतला. अळ्या नाहीत. अळ्या नसण्याचं कारण बादलीतच होतं: ताज्या तेलाचा अखंड तवंग. मंगळवारनंतर कुणीतरी हे झाकण उघडून तेल ओतलंय. भीमराज म्हणाला होता इथलं काम संपलं. ड्रम संपले नव्हते. दुसरी किल्ली मंडळाकडे आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

झाकण लावून निघून जाण्याइतका वेळ होता. पण बँड वळणावर आला होता.

पुढे बँडवाले, मागे बायका, लाल-हिरवी लुगडी, केसांत फुलं. मधे बेटी, डोक्यावर सजवलेली कळशी. झाकण उघडं पाहून बायका थबकल्या. मग एकीने टाळी वाजवली, दुसरीने गाणं उचललं. बेटी माझ्याकडे बघत पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण तो असताना मी पाहिलेला आहे.

मी म्हटलं, "काढू नका. तेल आहे."

बँडच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं. तिने नारळ फोडला, दोरीला कळशी बांधली, सोडली, ओढली. कळशी काठावर टेकवली आणि पाण्यात बोट बुडवून उन्हाकडे धरलं. मग नाकाशी.

हात वर केला. बँड थांबला. एक ढोलवाला मागून वाजवतच होता, त्याला कुणीतरी चापट मारली.

"तू बोललीस बंद होईल."

"मी कळवलं होतं."

"तू कलवलास म्हनून लादी आली. तू कलवलास म्हनून तेल आला. कलवाचा सोडून तुला काय येता गो?"

मी सांगितलं की हे तेल माझ्या अहवालानंतरचं आहे, मंडळाकडे दुसरी किल्ली आहे, दोन खाती वेगळी आहेत. सगळं बरोबर सांगितलं. लॉरेन्स पुढे आला तर बेटीने त्याला कोपराने मागे सारलं.

"पानी काढला, ता परत टाकाचा नसता," ती बायकांना म्हणाली. "कोनाला तरी न्हानवाचा लागता."

आणि कळशी माझ्या पायांवर ओतली. घाईने नाही. सावकाश, आधी उजव्या, मग डाव्या, जशी नवरीला घालतात तशीच असावी. कोणी हसलं नाही. साडी घोट्यापर्यंत भिजली.

"जा," बेटी म्हणाली. "तुजा लगीन लागला सरकारशी. सुखान नांद."

मग ती वळली. बँडवाल्यांना कळेना वाजवायचं की नाही. तिने खूण केली, वाजवा, आणि सगळे रिकामी कळशी घेऊन परतले. गाणं कुणी म्हटलं नाही.

झाकण लावलं. कुलूप पहिल्या झटक्यात लागलं. फील्ड डायरीत लिहिलं: वेलपाखाडी, बंद विहीर, अळ्या निरंक, मासे निरंक, तवंग अखंड.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

समिती आली. लादीवर उभं राहून फोटो. पाखाडीतलं एकही दार उघडं नव्हतं. एका सदस्याने विचारलं, स्थानिकांचं सहकार्य कसं आहे? डॉक्टर म्हणाले, शांतता बघताय ना.

पेट्रिशियाचं लग्न झालं. न्हाणं कशाने झालं ते कळलं नाही. विचारणार कुणाला?

सोमवार, २३ फेब्रुवारी

योजनेला तीन वर्षं मुदतवाढ. माझी नेमणूकही तितकीच. समितीने लिहिलंय की दोन खात्यांचा असा समन्वय देशात इतरत्र आढळला नाही. वेलपाखाडीच्या धर्तीवर आणखी वीस विहिरी घ्यायच्या. सर्वेक्षण माझ्याकडे. पहिल्या तीन पाहिल्या: मासे जिवंत, अळ्या नाहीत. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा बघा."

उद्या पुन्हा बघणार आहे. नमुना लहान असेल तर निष्कर्ष चुकू शकतो.

आईने मजल्यावर पेढे वाटले. बाबा खिडकीतून उठून आले, म्हणाले, आपल्या घरात पुन्हा तीन वर्षांची शाश्वती. रात्री जेवताना आईने विचारलं, "गो, तू खूश नाय?"

मी म्हटलं, पायांना अजून रॉकेलसारखा वास येतोय.

तिने खाली बसून माझा पाय उचलला, नाकाशी धरला. "माका तर कसलोच वास येणा नाय."

नऊ दिवस तेल त्वचेवर टिकत नाही. मला ठाऊक आहे. साबण बदलून पाहते.